सूत्राच्या पोटातला चौरस

वर्गसमीकरणाचं सूत्र बहुतेकांना पाठ असतं. वजा ब, अधिक-उणे वर्गमुळात ब वर्ग वजा चार अ क, भागिले दोन अ. ते कुठून आलं, हे मात्र फार थोड्यांना सांगता येतं. मला याची हळहळ वाटते, कारण या सूत्रात खरी युक्ती एकच आहे आणि ती कागदावर चित्र काढून दाखवता येते.

इसवी सन ८२० ते ८३०च्या सुमारास बगदादमध्ये गणितज्ञ अल-ख्वारिझ्मी यांनी ते चित्र काढून दाखवलं. त्यांचं उदाहरण होतं क्ष² + १०क्ष = ३९. क्ष बाजूचा एक चौरस काढा. उरलेल्या १०क्ष क्षेत्रफळाचे दोन सारखे भाग करा, म्हणजे ५ रुंद आणि क्ष लांब असे दोन आयत मिळतील. एक आयत चौरसाच्या उजवीकडे लावा, दुसरा खाली. आता जवळजवळ मोठा चौरस तयार झाला, फक्त एक कोपरा रिकामा राहिला. तो कोपरा ५ गुणिले ५, म्हणजे २५. तेवढी भर घातली की ३९ + २५ = ६४. मोठ्या चौरसाची बाजू ८, म्हणून क्ष + ५ = ८ आणि क्ष = ३. (−१३ हेही उत्तर या समीकरणात बसतं. पण चौरसाची बाजू ऋण कशी असेल? त्या काळी ते उत्तर विचारातच घेतलं जात नसे.)

याहून अडीच हजार वर्षं जुन्या बाबिलोनियन मातीच्या पाट्यांवरही हीच कृती सापडते: निम्मे करा, वर्ग करा, मिळवा, मूळ काढा, वजा करा. अक्षरं आणि चिन्हं नव्हती, पण रीत पक्की होती.

क्ष² च्या आधी ३ किंवा ७ असा सहगुणक आला की ही रीत थोडी त्रासदायक होते. शाळेत आपण सगळ्या समीकरणाला त्या सहगुणकाने भागतो, मग निम्मे करतो, आणि वही अपूर्णांकांनी भरून जाते. प्राचीन भारतीय गणितज्ञ श्रीधराचार्यांनी यावर जो उपाय दिला, तो मला संपूर्ण बीजगणितातल्या सर्वांत सुंदर पायऱ्यांपैकी एक वाटतो. त्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. पण भास्कराचार्यांनी १२व्या शतकात आपल्या ‘बीजगणित’ ग्रंथात श्रीधरांचं नाव घेऊन तो नियम उद्धृत केला, म्हणून तो आपल्यापर्यंत पोहोचला. नियमाचा आशय असा: दोन्ही बाजूंना वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणा, मग अव्यक्ताच्या (म्हणजे क्षच्या) मूळ सहगुणकाचा वर्ग दोन्हीकडे मिळवा, आणि वर्गमूळ घ्या.

करूनच पाहू. ३क्ष² + ५क्ष − २ = ०. आधी २ उजवीकडे न्या. मग ४ × ३ = १२ ने गुणा: ३६क्ष² + ६०क्ष = २४. दोन्हीकडे ५² म्हणजे २५ मिळवा. डावी बाजू आपोआप (६क्ष + ५)² होते, उजवीकडे ४९ येतात. म्हणून ६क्ष + ५ एक तर ७ आहे किंवा −७. क्ष = १/३ किंवा −२. शेवटचा भागाकार सोडला, तर वाटेत एकही अपूर्णांक आला नाही.

आता ३, ५, −२ यांच्या जागी अ, ब, क ठेवा आणि तेच करा. (२अक्ष + ब)² = ब² − ४अक मिळतं. मूळ घेतलं, ब पलीकडे नेला, २अ ने भागलं:

क्ष = (−ब ± √(ब² − ४अक)) / २अ

पाठ केलेलं सूत्र ते हेच. त्यातला चार हा आकडा श्रीधरांच्या गुणाकारातून आला, आणि ब² म्हणजे कोपरा भरायला घातलेली भर. वर्गमुळाखालच्या राशीला विवेचक म्हणतात. तो धन असेल तर दोन वेगळी उत्तरं, शून्य असेल तर दोन्ही एकच, आणि ऋण असेल तर वास्तव संख्यांमध्ये उत्तर नाही, कारण कोणत्याही वास्तव संख्येचा वर्ग ऋण नसतो.

दोन उत्तरं आली की कोणतं घ्यायचं? ‘बीजगणिता’त भास्कराचार्यांनी यासाठी माकडांची दोन उदाहरणं दिली आहेत. पहिल्यात कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग इतकी माकडं वनात खेळत आहेत आणि उरलेली १२ टेकडीवर आहेत. समीकरण क्ष² − ६४क्ष + ७६८ = ०, विवेचक १०२४, त्याचं मूळ ३२. उत्तरं ४८ आणि १६. पडताळा घ्या: ३६ + १२ = ४८, आणि ४ + १२ = १६. दोन्ही बरोबर, आणि भास्कराचार्य दोन्ही मान्य करतात.

दुसऱ्यात कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून त्याचा वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसलं. इथे ५० आणि ५ ही उत्तरं येतात. ५० ठीक आहे: १० − ३ = ७, ४९ + १ = ५०. पण ५ घेतलं तर पाचवा भाग १, त्यातून ३ वजा केले की −२ उरतात. ऋण संख्येची माकडं लोकांना पटणार नाहीत, म्हणून भास्कराचार्यांनी हे उत्तर सोडून दिलं.

मग सूत्राने ते दिलंच का? कारण वर्ग केल्यावर २ आणि −२ दोघांचेही ४ होतात आणि समीकरणाकडे फक्त ते ४ पोहोचतात. वर्ग करण्याआधी तिथे कोणती संख्या होती, हे समीकरणाला कळायला मार्गच नाही. प्रश्नात एवढाच बदल करा की ३ मधून कळपाचा पाचवा भाग वजा करायचा. समीकरण तसूभरही बदलत नाही, पण आता ३ − १ = २, ४ + १ = ५. या वेळी कळप ५ माकडांचा ठरतो आणि ५० सोडून द्यावे लागतात.