‘जग’ आणि ‘जग’ : स्वस्त गेमिंग हेडसेट पारखताना

‘जग’ हा शब्द दोनदा मोठ्याने म्हणून बघा. एकदा ‘सारं जग’ मधला, एकदा ‘सुखाने जग’ मधला. लिहायला दोन्ही एकच, उच्चाराला निराळे. पहिल्यात जीभ टाळूला टेकते. दुसऱ्यात ती दातांच्या मागे येते आणि हवा बारीक घासत बाहेर पडते. व्याकरणात पहिल्याला तालव्य म्हणतात, दुसऱ्याला दंततालव्य. हा फरक मुख्यतः त्या घासण्याच्या आवाजात असतो, आणि दुसऱ्या ‘ज’मध्ये तो आवाज बराचसा 4,000 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 4,000 कंपनांच्या, वर जातो.

नवा वायरचा हेडसेट हातात आला की मी सगळ्यात आधी हेच दोन शब्द त्याच्या माईकवर रेकॉर्ड करते. दहा वेळा, उलटसुलट क्रमाने, आणि क्रम कागदावर लिहून ठेवते. मग घरातल्या कुणाला तरी ते दुसऱ्या यंत्रावर ऐकवून दर वेळी एवढंच विचारते: दुनिया की जगणं? स्वतः ऐकून उपयोग नाही. काय म्हटलंय ते आधीच ठाऊक असलं की कानाला तेच ऐकू येतं. नुसत्या अंदाजाने बोललं तरी दहातली पाच उत्तरं बरोबर येतील, म्हणून पाच-सहाला काही अर्थ नाही. नऊ-दहा आली, तर माईक बारीक आवाज नीट पकडतोय. चाचणीपुरती संगणकातली गोंगाट कमी करण्याची सोय मात्र बंद ठेवावी, कारण तीसुद्धा या घासण्याला गोंगाट समजून पुसून टाकू शकते.

जुन्या टेलिफोनच्या तारेतून साधारण 300 ते 3,400 हर्ट्झ एवढाच पट्टा जायचा. म्हणूनच फोनवर नाव सांगताना ‘स, सशातला’ असं फोड करून सांगावं लागे. आजच्या व्हिडिओ कॉलमधून याहून पुष्कळ रुंद पट्टा जाऊ शकतो. तो पट्टा भरून आवाज पाठवणं हे माईकचं काम.

खोक्यावर यातलं काही लिहिलेलं नसतं. तिथे असतं 50 मिलिमीटरचा ड्रायव्हर, 20 ते 20,000 हर्ट्झ, आणि ठळक अक्षरांत 7.1, म्हणजे आवाज चहूबाजूंनी आल्यासारखा वाटेल असा दावा. ड्रायव्हर म्हणजे चुंबकात हलणारी तारेची गुंडाळी आणि तिला चिकटलेला पातळ पडदा. पडदा मोठा म्हणून आवाज चांगला, असं काही नाही. पडद्याचा ताठपणा, मागची पोकळी आणि कानाभोवतीची कुशन यांवर जास्त अवलंबून असतं. 20 ते 20,000 हा तर तरुण, निरोगी माणसाच्या श्रवणाचा पाठ्यपुस्तकी पल्ला. त्या पल्ल्यात आवाज किती डेसिबलने वरखाली होतो हे सोबत दिलेलं नसेल, तर त्या आकड्यातून काहीच कळत नाही. एखादी वारंवारता ऐकू येईल न येईल इतकी क्षीण असली, तरी ती ‘पल्ल्यात’ धरता येते.

मग कमी पैशांच्या हेडसेटमध्ये खरोखर मोलाचं काय? माझ्या मते, तोंडाजवळ येणारी ती माईकची दांडी. आत बहुधा इलेक्ट्रेट जातीचा, मसुराच्या दाण्याएवढा माईक असतो. ही जात 1962 मध्ये बेल लॅब्जमध्ये जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेस्लर यांनी विकसित केली, आणि ती इतकी स्वस्त व टिकाऊ निघाली की फोनपासून श्रवणयंत्रांपर्यंत सगळीकडे पोचली. पण खरी करामत माईकच्या जागेत आहे. उगमापासूनचं अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. लॅपटॉपचा माईक तोंडापासून 50 सेंटिमीटरवर, हेडसेटचा 3 सेंटिमीटरवर. हिशोब केला तर दांडीवरच्या माईकपर्यंत तुमचा आवाज साधारण 24 डेसिबल जास्त पोचतो. पंख्याची घरघर आणि शेजारच्या खोलीतलं बोलणं मात्र दोन्ही माईकना जवळपास सारखंच ऐकू येतं. एवढी आघाडी नुसत्या अंतराने मिळते. महागडा लॅपटॉप माईकसुद्धा ती सहजासहजी भरून काढू शकत नाही. म्हणून ‘गेमिंग’ नावाचा हा हेडसेट रोजच्या मीटिंगला, ऑनलाइन तासाला, मुलाखतीला सगळ्यात चांगला कामी येतो, असं मी कुणालाही ठामपणे सांगते.

फक्त दांडी तोंडासमोर धरू नका. आपल्या भाषेत ख, फ, भ, ध असे महाप्राण वर्ण पावलोपावली येतात, आणि प्रत्येकाबरोबर हवेचा एक झोत सुटतो. तळहात ओठांसमोर धरून ‘फणा’ म्हणा, झोत जाणवेल. तोच झोत माईकच्या पडद्यावर आदळला की ऐकणाऱ्याच्या कानात धप्प असा आवाज होतो. माईक ओठांच्या कोपऱ्याशी, दोन बोटं बाजूला आणि जरा खाली ठेवला की झोत बाजूने निघून जातो आणि शब्द तेवढे पोचतात.

मीटिंगमध्ये आणखी एक गोष्ट होते. कानांवरच्या बंद कपांमुळे स्वतःचा आवाज बाहेरून नीट ऐकू येत नाही, म्हणून माणूस नकळत मोठ्याने बोलू लागतो. गोंगाटात माणूस आपोआप आवाज चढवतो हे एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्याने दाखवलं, त्यावरचा त्याचा लेख 1911 चा. त्याच्याच नावाने हा परिणाम ओळखला जातो. हेडसेटमधला प्रकार त्याचाच सख्खा भाऊ. काही हेडसेटमध्ये स्वतःचा आवाज हलकेच कानात परत सोडण्याची सोय असते, तिला साइडटोन म्हणतात. ती नसेल तर एक कप कानावरून अर्धा मागे सरकवावा.

आता खेळ. गेममध्ये पाऊल कुठून वाजलं हे कळणं महत्त्वाचं. उजवीकडचा आवाज उजव्या कानात आधी आणि डाव्यात नंतर पोचतो. हा फरक जास्तीत जास्त 0.6 ते 0.7 मिलिसेकंदांचा, डोक्याच्या रुंदीएवढा. शिवाय डोक्याची सावली पडून उंच वारंवारतेचा आवाज पलीकडच्या कानात मंद होतो. वेळेचा फरक खालच्या स्वरांसाठी आणि तीव्रतेचा वरच्या स्वरांसाठी, हे इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांनी 1907 मध्ये मांडलं. आणि समोर-मागे, वर-खाली? ते कळतं कानाच्या पाळीच्या वळणांमुळे. प्रत्येक दिशेचा आवाज त्या वळणांत थोडा वेगळा रंगतो आणि मेंदूला तो रंग पाठ असतो.

7.1 चं रहस्य इथेच आहे. अशा बहुतेक हेडसेटमध्ये ड्रायव्हर दोनच, प्रत्येक कानाला एक. सॉफ्टवेअर एका सरासरी कानाची वळणं गृहीत धरून आवाजाला तसा रंग देतं. तुमचा कान त्या सरासरीच्या जवळचा असेल तर मागून आलेलं पाऊल खरोखर मागे ऐकू येईल, नाहीतर सगळं नुसतं घुमल्यासारखं वाटेल. 7.1 चालू ठेवून आणि बंद ठेवून अर्धा-अर्धा तास खेळून बघा आणि बरं वाटेल ते ठेवा. माझ्यापुरतं साधं स्टिरिओच स्पष्ट आहे.

पावलांचा खरा शत्रू फुगवलेला बेस. स्फोट दणदणीत वाटावेत म्हणून स्वस्त हेडसेटमध्ये खालचे स्वर चढवलेले असतात, आणि खालचा मोठा आवाज त्याच्या वरच्या वारंवारतांचे बारीक आवाज झाकून टाकतो. कानातल्या शंखाकृती नलिकेची रचनाच तशी आहे: खालच्या स्वरांची लाट वरच्या स्वरांच्या जागेवरून पुढे जाते. इक्वलायझरमध्ये, म्हणजे खालचे-वरचे स्वर वेगवेगळे कमीजास्त करण्याच्या सोयीत, 200 हर्ट्झच्या खालचा भाग चार-पाच डेसिबल उतरवला की तोच हेडसेट वेगळाच भासतो.

वायर असल्याचा फायदा इथे सगळ्यात जास्त. साध्या ब्लूटूथवर आवाज अनेकदा 100 ते 200 मिलिसेकंद मागे पडतो. गोळी डोळ्यांना आधी दिसते आणि कानाला मग ऐकू येते. साध्या पिनेच्या वायरमध्ये हा उशीर नसल्यातच जमा.

गाण्यांबद्दल थोडक्यात: तबल्याचा बायां भरघोस वाजेल, पण तानपुऱ्याची जवारी आणि सतारीच्या तरफांची झिणझिण बहुधा बेसखाली दबेल. सिनेमा मात्र छान वाटतो. संवाद मधल्या पट्ट्यात असतात आणि गडगडाटाला फुगलेला बेस साथच देतो.

बेस कमी वाटत असेल तर हेडसेटला दोष देण्याआधी चष्मा काढून बघा. मी स्वतः एक हेडसेट ‘पोकळ वाजतो’ म्हणून बाजूला ठेवला होता. चष्म्याची काडी कुशनखाली फट पाडत होती, आणि त्या फटीतून खालचे स्वर निसटत होते. चष्मा उतरवून कप हलकेच दाबल्याबरोबर आवाज भरून आला. चष्मेवाल्यांनी कडक रेक्झिनपेक्षा मऊ, जाड कुशन बघावी. आणि दुकानात दोन मिनिटं घालून काही कळत नाही. पाऊण तासाने डोक्यावर कुठे टोचतंय ते बघावं.

जोडणीतही घोळ होतो. हेडसेटच्या 3.5 मिलिमीटर पिनेवर तीन काळी कडी असतील तर माईक आणि आवाज एकाच पिनेतून जातात. डेस्कटॉपला माईकचं भोक वेगळं असलं तर दोन तोंडांचा स्प्लिटर लागतो; त्याशिवाय ‘माईक बिघडलाय’ असं वाटून चांगला हेडसेट परत केला जातो. संगणकातून खरखर येत असेल तर यूएसबीचा हेडसेट बरा, कारण त्याचं साउंड कार्ड त्याच्या स्वतःच्या आत असतं.

आवाज किती ठेवायचा, यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांकरता आठवड्याला 40 तास 80 डेसिबल, आणि मुलांकरता तेवढाच वेळ 75 डेसिबल अशी मर्यादा सुचवली आहे. दर 3 डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो: 83 ला 20 तास, 86 ला 10, 89 ला 5. रात्री खेळायला बसलं की स्फोटांमागून पाऊल ऐकू यावं म्हणून व्हॉल्यूमचं चाक पुढे सरकतं आणि मग तिथेच राहतं. बेस आधीच उतरवलेला असेल तर ते चाक सरकवावंच लागत नाही.