कनू डुलते म्हणजे उलटतेच असं नाही

दोघांसाठी कनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद, हलकी होडी, घेताना बहुतेक जण एकच परीक्षा घेतात. काठाजवळच्या शांत पाण्यात एक पाय आत टाकायचा आणि बघायचं, हलते का. नाही हलली, की पसंत. पण यातून कळते ती फक्त प्राथमिक स्थिरता, म्हणजे सरळ उभी असलेली होडी डुलायला किती विरोध करते ते. होडी बरीच कलल्यावर तोल धरते की उलटते, हा वेगळाच प्रश्न. ती दुय्यम स्थिरता, आणि गळ किंवा बंदूक घेऊन बसणाऱ्यांचा खरा संबंध तिच्याशी येतो.

होडी कलली की पाण्याचा वर उचलणारा जोर खाली गेलेल्या बाजूला सरकतो आणि तिला परत सरळ करू बघतो. रुंद, सपाट तळात हा जोर लगेच सरकतो, म्हणून ती पाटासारखी घट्ट वाटते. मात्र एका मर्यादेपलीकडे सरकायला जागाच उरत नाही, आणि मग फारशी पूर्वसूचना न देता ती उलटते. हलक्या गोलाईचा तळ सुरुवातीला थोडा डुलतो. त्याच्या बाजू वर जाताना बाहेर झुकलेल्या असतील, तर कलताना पाण्यातली रुंदी वाढत जाते आणि विरोधही वाढतो. लाटांत हा फरक जास्तच जाणवतो: सपाट तळ लाटेच्या उताराबरोबर तिरका होतो, गोलसर तळाखालून लाट निघून जाते.

आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. मागचा माणूस मासा जाळीत घ्यायला उजवीकडे वाकतो, आणि पुढचा, किती मोठा आहे ते बघायला, नेमका उजवीकडेच वळतो. दोन माणसांचं वजन होडीच्या एकाच काठावर. शिकारीत बंदुकीचा धक्का असतो. बार पुढच्यानेच आणि पुढच्याच दिशेने करावा: मागच्याच्या नेमापुढे जोडीदार बसलेला असतो, आणि आडव्या बाराचा धक्का होडीलाही आडवाच बसतो. सोबत कुत्रा असेल, तर तो कधी उडी मारेल ते तोच जाणे.

म्हणून माझं मत: साधारण १६ फूट लांब, ३६ इंचांच्या आसपास रुंद, हलक्या गोलाईच्या तळाची, बाहेर झुकलेल्या बाजूंची कनू. लहान, निवांत तळ्यातच फिरायचं असेल तर सपाट तळही चालेल. पूर्ण गोल तळ वेगासाठी असतो, तो या कामाला नको. तळाखालची पट्टी स्थिरतेसाठी असते हा समज मात्र सोडा. तिचं मुख्य काम होडी सरळ चालवणं.

बैठकीची उंची लोक विसरतात. आसन दोन-तीन इंच खाली घेतलं तरी फरक कळतो, आणि लाटा वाढल्या की गुडघ्यांवर बसणं उत्तम. सामान तळाशी, मधोमध, बांधून ठेवा.

घेण्याआधी रिकामी होडी तपासू नका. दोघं बसा, नेहमीचं वजन भरा, लाइफ जॅकेट घाला, आणि कमरेएवढ्या पाण्यात ती मुद्दाम कलवा. काठ पाण्याला टेकेपर्यंत.