स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, भाऊ

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी पेन ड्राइव्ह घेऊन दुकानात येतो. "भाऊ, जुन्या व्हर्च्युअल मशीनचा बॅकअप आहे न याच्यात, एक फाइल तेवढी काढून द्या." (व्हर्च्युअल मशीन म्हणजे कॉम्प्युटरच्या आत प्रोग्रामनं चालवलेला दुसरा कॉम्प्युटर, त्याची डिस्क म्हणजे एक मोठी फाइल.) लावून पाहिला की बॅकअप नसतोच, स्नॅपशॉट असतो. बॅकअप काय ते सगळ्यांना माहीत आहे: वेगळ्या डिस्कवरची पूर्ण कॉपी, मूळ मशीन जळालं तरी चालणारी. इन्क्रिमेंटल (आधीच्या बॅकअपनंतर बदललं तेवढंच) घेत असाल तर आधीचा फुल बॅकअपही जपा, बस.

खरा घोळ स्नॅपशॉटचा. लोकांना वाटतं तो त्या क्षणाचा फोटो आहे, नावच तसं ठेवलंय. फोटोबिटो काही नसतो. स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्कची फाइल तिथंच गोठते आणि नंतरचं सगळं लिखाण बाजूच्या नव्या फाइलमधे जातं. व्हर्च्युअल मशीन चालवायच्या प्रोग्रामांपैकी व्हीएमवेअरमधे तिच्या नावाच्या शेवटी ०००००१ येतं, हायपर-व्हीमधे ती एव्हीएचडीएक्स असते (तिथं स्नॅपशॉटला चेकपॉइंट म्हणतात, चीज तीच), व्हर्च्युअलबॉक्समधे स्नॅपशॉट्स फोल्डरात लांबलचक नंबरची व्हीडीआय फाइल. मूळ डिस्क म्हणजे सातबारा समजा आणि ही फाइल म्हणजे नंतरचे फेरफार. नुसता फेरफार आणला तर अमक्याचं नाव कमी होऊन तमक्याचं लागलं एवढं कळेल, वावर किती एकर ते नाही, आणि नुसता जुना सातबारा आणला तर भावाभावांत वाटणी झाली हे त्यात कुठून येणार? दोन्ही लागतात, आणि मधे चार स्नॅपशॉट असतील तर चारही लागतात.

आणि "स्नॅपशॉट डिलीट" या बटणाला लोक उगाच घाबरतात. डिलीट केल्यानं आजचा डेटा जात नाही, फेरफार मूळ डिस्कमधे मिसळतो, फक्त मागं जायची सोय संपते. डेटा जातो तो रिव्हर्टनं (स्नॅपशॉटच्या वेळच्या स्थितीत परत जाण्यानं), म्हणजे नेमकं जे बटण लोक बिनधास्त दाबतात त्यानं. व्हीएमवेअर स्वतः सांगते की एक स्नॅपशॉट ७२ तासांच्या वर ठेवू नका आणि आमच्याकडं तीन-तीन वर्षांचे निघतात, वर "बॅकअप आहे न" म्हणून निवांत.

मागच्या उन्हाळ्यात एका जिनिंगवाल्या काकांचा पुतण्या आला. विंडोज ७ वरच्या एक्सपी मोडमधे (जुनं विंडोज एक्सपी चालवणारं तयार व्हर्च्युअल मशीन) कापूस खरेदीचा जुना हिशेब होता, यानं युजरच्या फोल्डरातली व्हीएचडी (त्या मशीनची डिस्क-फाइल) नीट कॉपी करून आणली होती, आणि ती उघडेना. एक्सपी मोडमधे तुम्ही एकही स्नॅपशॉट घेतला नसला तरी ती व्हीएचडी मुळातच फेरफार असते, तिचा सातबारा प्रोग्राम फाइल्समधे विंडोज एक्सपी मोडच्या फोल्डरात "बेस" नावानं बसलेला असतो. म्हटलं, जुना कॅबिनेट कुठंय? तर गोदामात, सरकीच्या पोत्यामागं. आणला, उघडला तर पंख्यात रुई अशी गच्च बसलेली की बोटानं ओढून काढावी लागली, पण डिस्क फिरली. आधी दोन्ही फाइलींची कॉपी काढली, मग कॉपीवरच मर्ज करून, म्हणजे फेरफार सातबाऱ्यात मिसळून, एक अखंड व्हीएचडी बनवली.

अखंड डिस्क हाती आली की डिस्क-फाइल व्हीडीआय, व्हीएमडीके की व्हीएचडी हा वाद फालतू आहे, सेव्हन-झिप नावाचा प्रोग्राम तिन्ही उघडतो, आतल्या फोल्डरात जा आणि फाइल ओढून बाहेर काढा. व्हर्च्युअलबॉक्समधे स्नॅपशॉटांची साखळी असेल तर सध्याच्या स्थितीचा फुल क्लोन (पूर्ण नक्कल) काढा, म्हणजे एकच डिस्क मिळते. पण एका फाइलसाठी जुनं व्हर्च्युअल मशीन चालू करू नका, माझा जीव जळतो ते पाहून! चालू झालं की विंडोज लगेच डिस्कवर लिहायला लागतं, आणि स्नॅपशॉट असताना कोणी मूळ डिस्कच थेट चालू केली तर व्हीएमवेअर पुढच्या वेळी पॅरेंट (मूळ) डिस्क बदलली म्हणून अडून बसतं. त्यात कोणी नेटही जोडतं, एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपला तरी.

पुतण्याची फाइल निघाली. उघडली तर सगळी गचाळ अक्षरं, त्याचा चेहरा उतरला, म्हणे करप्ट झाली. काही करप्ट नव्हती, जुन्या नॉन-युनिकोड मराठी फॉन्टात टाइप केलेली होती, तो फॉन्ट नसला की अक्षरं गचाळच दिसतात. त्याच व्हीएचडीतून विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरातला तो फॉन्ट काढून लावला, आणि पहिल्याच ओळीत काकांचं नाव वाचता आलं.