लग्नसराईत ड्रायव्हरची झोप

खान्देशात वऱ्हाड निघतं तेव्हा आहेराची पिशवी घेतली का, याची चौकशी दहा जण करतात. ड्रायव्हर रात्री झोपला का, हे सहसा कुणी विचारत नाही. रात्रभर हळद आणि डीजे, सकाळी जळगावहून धुळं, दुपारी वरण-बट्टीवर तूप, आणि लगेच तीनच्या उन्हात परतीचा रस्ता. मला या वेळापत्रकाची खरोखर भीती वाटते.

जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोपेचा दाब वाढवतं. तो दाब झोपेनेच उतरतो. शिवाय शरीराचं घड्याळ दोनदा सुस्ती आणतं, पहाटे दोन ते सहा आणि दुपारी दोन ते चारच्या सुमारास. १९९७ साली 'नेचर'मध्ये आलेल्या एका प्रयोगात सलग १७ तास जागलेल्यांची हातांवरची आणि नजरेवरची पकड रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी ढिली झाली होती. आपल्या कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. पण जागरण मोजणारं यंत्र नाक्यावर नसतं.

दमलेला मेंदू कधीकधी डोळे उघडे असतानाही दोन-चार सेकंद झोपून घेतो. ताशी ८० किलोमीटरने तेवढ्या चार सेकंदांत गाडी जवळपास ९० मीटर जाते, ब्रेकवर पाय न पडता. म्हणूनच अशा अपघातात टायर घासल्याच्या खुणा बहुधा सापडत नाहीत. ही डुलकी चालवणाऱ्याला अनेकदा कळतही नाही, त्यामुळे "मला सवय आहे" हे उत्तर ग्राह्य धरू नका. मागचे दोन किलोमीटर आठवत नसतील, फाटा चुकला असेल, चाक पांढऱ्या पट्ट्यावर जात असेल, तर गाडी थांबवायचीच.

काच उघडणं, मोठ्याने गाणी, तोंडावर पाणी, तंबाखू, या सगळ्याने फार तर काही मिनिटं निघतात. पारोळ्याच्या आसपास एखाद्या ढाब्याच्या आवारात गाडी लावून कडक कॉफी घ्यावी आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं आडवं व्हावं. कॅफिन ॲडेनोसिनची वाट अडवतं, पण त्याचा अंमल चढायला साधारण अर्धा तास लागतो; तेवढ्यात झोपही पदरात पडते. उठल्यावर अंग जड असतं, म्हणून थोडं चालून मगच स्टिअरिंग धरावं. एवढ्यावर घर गाठता येईल, पण अख्ख्या रात्रीचं जागरण भरून निघत नाही.

तेव्हा हळदीच्या रात्री ड्रायव्हरला लवकर जेवू घाला आणि डीजेपासून लांब, शेजाऱ्याच्या गच्चीवर खाट टाकून द्या. परतीला त्याच्या शेजारी झोप झालेला, बोलका माणूस बसवा. त्याने अधूनमधून विचारावं, "भाऊ, झोप यी ऱ्हायनी का?" उत्तर यायला वेळ लागला, तर पुढच्या ढाब्यावर उतरा.