पाचेचे तेल

पाच या सुगंधी झुडपाच्या वाळलेल्या पाल्यापासून वाफेवर काढलेले दाट, पिवळट ते तपकिरी तेल. बाजारात ते पॅचौली नावाने मिळते. झुडूप तुळशीच्या कुळातले. कन्नडमध्ये त्याला पच्चेतेने म्हणतात. परसात दिसणारी पाच अनेकदा पोगोस्टेमॉन हेनिएनस असते. तेलासाठी लावायची ती पोगोस्टेमॉन कॅब्लिन. हिला फुले क्वचितच येतात, म्हणून लागवड फाट्यांवरच, म्हणजे फांदीच्या तुकड्यांवर, होते. परसातल्या पाचेच्या तेलाला अत्तराच्या धंद्यात कमी मोल आहे, तेव्हा फाटे घेतानाच जात नीट पाहावी.

बेळगाव जिल्ह्यात हिला मानवेल तो खानापूरकडचा दमट पट्टा. लाल, निचऱ्याची जमीन, नारळ-सुपारीची विरळ सावली आणि 60 सेंमी अंतर तिला पुरते. कणकुंबीच्या बाजूला पाऊस एवढा, की चर काढले नाहीत तर मुळे कुजतात. अथणी-रायबागकडे सावली आणि पाणी दोन्ही विकत घेतल्यासारखे होते. तिकडे हा खटाटोप न केलेलाच बरा. 4-5 डोळ्यांचा, 10-12 सेंमी लांबीचा फाटा सावलीतल्या वाफ्यात लावावा. मुळांवर गाठी असलेले रोप शेतात नेऊ नये: त्या सूत्रकृमीच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या बारीक जंताच्या, असतात आणि जमिनीत एकदा शिरलेला सूत्रकृमी सहजी निघत नाही. पहिली कापणी 5-6 महिन्यांनी, खालची पाने पिवळी पडू लागली की. बुंध्याला काही डोळे राखावेत, म्हणजे पुन्हा फुटवा येतो.

तेलाचा कस ठरतो तो वाळवणीत. निपाणीकडे विडीचा तंबाखू उन्हात वाळतो. ती सवय इथे नडते. पाचेचा पाला सावलीत, वारा खेळेल अशा जागी, पातळ थरात पसरून दिवसातून दोन-तीनदा हलवावा. उन्हात तेल उडते, ओल्या ढिगात बुरशी धरते आणि तिचा कुबट वास थेट तेलात उतरतो. चुरा होईपर्यंत वाळवलेला पालाही वायाच. हिच्या तेलग्रंथी पानाच्या आतही असतात, त्यामुळे ओला पाला भट्टीत घालून तेल नीट सुटत नाही. चांगल्या सुक्या पाल्यातून शेकडा 2 ते 3 तेल मिळते.

भट्टी 6-8 तास तरी चालवावी. वासाचा कणा असलेला पॅचौलॉल हा घटक जड, तो उशिरा उतरतो. जळण वाचवायला आग लवकर काढली की हलके, उथळ वासाचे तेल हाती येते. लोखंडी भांड्यात तेल काळपट होते, स्टीलमध्ये फिके राहते. त्याची घनता 0.96 च्या आसपास, पाण्याला अगदी लागून. म्हणून ते पाण्यावर सावकाश तरंगते. उतरलेले पाणी फार गार झाले तर तेल घट्ट होऊन वेगळे व्हायला आणखी वेळ घेते.

ताज्या तेलाला हिरवट, उग्र वास असतो. गडद काचेच्या, काठोकाठ भरलेल्या बाटलीत वर्षभर ठेवले की तो मऊ होतो. जुने तेल महाग विकले जाते ते याचसाठी. भेसळ होते ती गर्जन तेलाची (गर्जन झाडाच्या राळेचे तेल) किंवा साध्या खाद्यतेलाची. 90 टक्के अल्कोहोलमध्ये शुद्ध तेल विरघळते, खाद्यतेल गढूळ करते. एरंडेल मात्र या परीक्षेतून निसटू शकते. गर्जन तेल पकडायला प्रयोगशाळाच लागते.

मुख्य उपयोग अत्तर, साबण आणि अगरबत्तीत. हे तेल इतर वासांना धरून ठेवते, चटकन उडू देत नाही. अंगाला लावायचे तर 30 मिली खोबरेलात 10-12 थेंब पुरे. आधी मनगटाच्या आत लावून एक दिवस वाट पाहावी, आणि पोटात कधीच घेऊ नये. थंडीत खोबरेल थिजलेले असेल तर बाटली कोमट पाण्यात धरून मगच थेंब मोजावेत, नाहीतर ते एकाच जागी बसतात.

एकोणिसाव्या शतकात युरोपला जाणाऱ्या हिंदी शालींच्या घड्यांत कसर लागू नये म्हणून हा सुका पाला घालत. घोंगड्या-शालींसाठी आजही तोच बरा, कापडी पुरचुंडीत बांधून. तेल थेट कापडावर टाकले तर तपकिरी डाग पडतो, आणि तो धुऊन सहसा जात नाही.