कारखान्याच्या एचटी (उच्च दाबाच्या) सब-स्टेशनची परवानगी आणि आर्क फ्लॅश: पात्रता, कागदपत्रं, अर्ज

पुणे जिल्ह्यातल्या भोसरी, चाकण, रांजणगाव, कुरकुंभ या पट्ट्यातले कारखानदार हल्ली विचारतात, "आर्क फ्लॅशचं सरकारी सर्टिफिकेट कुठून काढायचं?" आर्क फ्लॅश म्हणजे विजेच्या पॅनेलमध्ये हवेतून पेटणारा जाळ. त्याचं असं वेगळं सरकारी प्रमाणपत्र नाही. कोणी ते काढून देतो म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका. सरकारकडून लागते ती विद्युत निरीक्षकांची परवानगी. मात्र त्या परवानगीसाठी जी फाइल करावी लागते, तिच्यातल्या बहुतेक कागदांवरच आर्क फ्लॅशचा अभ्यास (जाळ पेटला तर माणसावर किती ऊर्जा पडेल याचा हिशेब) उभा राहतो. म्हणून ही फाइल नुसती सही मिळवण्यापुरती न करता कामगार डोळ्यांपुढे ठेवून करा.

आधी धोका समजून घेऊ. पॅनेलमध्ये दोन फेजमध्ये किंवा फेज आणि बॉडीमध्ये हवेतून जाळ पेटला की तिथलं तापमान १५ ते २० हजार अंश सेल्सिअसच्या घरात जातं. तांब्याची वाफ होते, हवा झटक्यात फुगते आणि पॅनेलचा दरवाजा समोरच्या माणसावर येऊ शकतो. शॉक लागायला स्पर्श व्हावा लागतो, इथे नुसतं समोर उभं असणं पुरतं. उघड्या त्वचेवर दर चौरस सेंटिमीटरला १.२ कॅलरी ऊर्जा पडली की दुसऱ्या दर्जाचं भाजणं सुरू होतं. ही ऊर्जा किती पडेल हे प्रवाह, अंतर आणि ब्रेकर (दोष आल्यावर प्रवाह तोडणारा स्विच) किती वेळात उघडतो यावर ठरतं. बाकी सगळं तेच ठेवून ब्रेकरचा वेळ ०.१ सेकंदावरून ०.५ सेकंद झाला, तर ऊर्जा जवळपास पाचपट होते. म्हणजे रिलेचं (दोष ओळखून ब्रेकरला उघडायला लावणाऱ्या उपकरणाचं) सेटिंग हा जीवनमरणाचा आकडा आहे, आणि तो परवानगीच्या फाइलमध्ये असतोच.

कोणाला लागू

महावितरणकडून ११ किंवा २२ केव्हीवर (किलोव्होल्टवर) वीज घेणाऱ्या कारखान्याला नवं सब-स्टेशन चार्ज करण्याआधी, म्हणजे त्यात वीज सोडण्याआधी, ही प्रक्रिया करावी लागते. कायद्याचा आधार विद्युत अधिनियम, २००३ आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची सुरक्षा नियमावली. २०१० ची जुनी नियमावली जाऊन २०२३ ची आली आहे, त्यामुळे जुन्या फाइलवरून कलमांचे क्रमांक उतरवू नका. क्षमता वाढवली, ट्रान्सफॉर्मर किंवा एचटी ब्रेकर बदलला, तरी परवानगी नव्याने लागते. विद्युत संच सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ बंद राहिला असेल, तर पुन्हा सुरू करण्याआधीही तपासणी करून घ्यावी लागते. बंद पडलेला कारखाना विकत घेणाऱ्यांचं याकडे सहज दुर्लक्ष होतं. राज्याने अधिसूचित केलेल्या व्होल्टेजपर्यंत स्वयंप्रमाणनाची, म्हणजे संच सुरक्षित असल्याचं मालकानेच प्रमाणित करण्याची, सोय नियमांत आहे. आपलं कनेक्शन त्यात बसतं का, हे पुण्यातल्या विद्युत निरीक्षक कार्यालयात अर्जाआधीच विचारून घ्या.

काम करायला पात्र कोण

उभारणीचं काम परवानाधारक विद्युत ठेकेदारानेच करायचं. त्याच्याकडे सक्षमता प्रमाणपत्र असलेला सुपरवायझर आणि परवाना असलेला वायरमन हवा. ही तिन्ही कागदपत्रं वैध आहेत का, हे वर्क ऑर्डर देण्याआधी बघा. मुदत संपलेला परवाना फाइलमध्ये निघाला तर झालेलं काम अडकून पडतं.

चालू कारखान्यात पॅनेल कोणी हाताळायचं हेही मालकाने लेखी ठरवायचं असतं. नेमलेल्या माणसांची यादी हवी, प्रत्येकाच्या नावापुढे कोणत्या कामासाठी नेमलंय ते हवं, आणि त्या प्रत्येकाकडे सक्षमता प्रमाणपत्र किंवा वायरमनचा परवाना हवा. निरीक्षक ही यादी मागू शकतात. रात्रपाळीत ब्रेकर ट्रिप झाला की जवळ असेल त्या ऑपरेटरला "जरा रिसेट करून ये" म्हणण्याची सवय अनेक शॉपमध्ये आहे. त्या माणसाचं नाव यादीत नसतं, अंगावर साधा पॉलिएस्टरचा शर्ट असतो, आणि जाळ लागल्यावर पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. यादी भरताना रात्रपाळीचा आणि साप्ताहिक सुट्टीचा माणूस कोण, हे आधी लिहा.

जोडभार (जोडलेल्या सगळ्या उपकरणांचा मिळून भार) २५० किलोवॅटपेक्षा जास्त असलेल्या नोंदणीकृत कारखान्याला विद्युत सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो. पात्रता अशी: इलेक्ट्रिकलची पदवी आणि विद्युत संचाच्या देखभालीचा किमान ५ वर्षांचा अनुभव, किंवा पदविका आणि १० वर्षांचा. दरवर्षीच्या चाचण्या करून घेऊन त्यांची नोंद ठेवणं ही त्याची जबाबदारी. प्रॉडक्शनच्या माणसाच्या गळ्यात हे पद नावापुरतं घालू नका. शटडाउन (कामासाठी वीज बंद ठेवणं) नाकारलं गेलं तर काम थांबवण्याचा अधिकार त्याच्या नेमणूकपत्रातच लिहून द्या.

फाइलमध्ये काय लागतं

मालकाच्या सहीचा अर्ज, महावितरणचं वीजभार मंजुरीपत्र, जागेचा ताबा किंवा वाटपाचं पत्र, शुल्क भरल्याचं चलन, ठेकेदाराचे परवाने आणि काम पूर्ण झाल्याचा चाचणी अहवाल. हे कागद गोळा करायला फार कष्ट पडत नाहीत. खरी मेहनत तांत्रिक कागदांची.

सिंगल लाइन डायग्राम (वीज कुठून कुठे जाते ते एका रेषेने दाखवणारा आराखडा) प्रत्यक्ष जागेवर आहे तसाच हवा. ट्रान्सफॉर्मरचा केव्हीए (क्षमता) आणि टक्के इम्पीडन्स (प्रवाहाला होणारा आतला अडथळा), ब्रेकरची क्षमता, सीटी (प्रवाह मोजण्यासाठीचा छोटा ट्रान्सफॉर्मर) रेशो, केबलचा आकार आणि लांबी, डीजी सेट (डिझेल जनरेटर) कुठे जोडलाय, हे सगळं त्यात दिसलं पाहिजे. १००० केव्हीए, ४३३ व्होल्ट, ५ टक्के इम्पीडन्सचा ट्रान्सफॉर्मर धरला, तर पूर्ण भाराचा प्रवाह साधारण १,३३० अँपिअर आणि एलटी (कमी दाबाच्या) बाजूचा शॉर्ट सर्किट प्रवाह सुमारे २६ ते २७ किलोअँपिअर निघतो. आर्कचा प्रवाह त्याहून बराच कमी असतो, आणि घात तिथेच होतो. प्रवाह कमी म्हणून रिले तत्काळ न उचलता उशिराने ट्रिप देतो. एलटी पॅनेलच्या इनकमरचा (वीज आत येते त्या कप्प्याचा) वरचा भाग तर एसीबीच्या (तिथल्या मुख्य ब्रेकरच्या) संरक्षणात येतच नाही. तिथला जाळ विझवायचा तो २२ केव्हीच्या ब्रेकरनेच, तोही त्याच्या संथ वेळेने. इनकमरचा कप्पा सगळ्यात जास्त धोक्याचा असतो तो यामुळे.

लेआउटमध्ये अंतरं दाखवावी लागतात. स्विचबोर्डच्या समोर किमान १ मीटर मोकळी जागा हवी. मागे उघड्या जोडण्या असतील तर मागची जागा एकतर २० सेंटिमीटरपेक्षा कमी किंवा ७५ सेंटिमीटरपेक्षा जास्त हवी. जास्त असेल तर तिथे जायला १.८ मीटर उंचीपर्यंत मोकळी वाट लागते. तपासणीच्या दिवशी पॅनेल रूम रिकामी दिसते आणि महिन्याभरात तिथे रंगाचे डबे, केबलचे ड्रम येऊन बसतात. जाळ पेटला की माणसाला मागे सरकायला हीच एक मीटरची जागा असते.

याशिवाय ट्रान्सफॉर्मर, व्हीसीबी (एचटीचा व्हॅक्यूम ब्रेकर), सीटी-पीटी (प्रवाह आणि व्होल्टेज मोजणारे छोटे ट्रान्सफॉर्मर) यांचे निर्मात्याचे चाचणी अहवाल, अर्थपिटचे (अर्थिंगच्या खड्ड्यांचे) रेझिस्टन्स, मेगरचे (इन्सुलेशन तपासणाऱ्या उपकरणाचे) आकडे आणि रिले टेस्टिंगचा अहवाल. रिलेच्या अहवालावर सेटिंग लिहिलेलं असतं. तेच सेटिंग रिलेवर ठेवलंय का, हे स्वतः जाऊन बघा.

अर्जाचा क्रम

आधी नकाशे आणि डायग्रामला मंजुरी, मग उभारणी, मग चाचण्या, मग तपासणीचा अर्ज. काम संपल्यावर नकाशे पाठवण्याचा उलटा मार्ग महागात पडतो, कारण भिंत बांधल्यावर अंतर वाढत नाही. अर्ज ऑनलाइन करता येतो आणि शुल्क सरकारी चलनाने भरायचं. निरीक्षक जागेवर येऊन त्रुटी लेखी देतात. त्या दूर केल्याचा अनुपालन अहवाल फोटोंसह दिला की चार्जिंगची परवानगी मिळते, आणि ती दाखवल्यावर महावितरण पुरवठा सुरू करतं.

नकाशे मंजुरीला द्यायच्या आधीच आर्क फ्लॅशचा अभ्यास करून घ्या असं माझं ठाम मत आहे. आयईईई या आंतरराष्ट्रीय अभियंता संघटनेच्या १५८४ या मानकाची २०१८ ची आवृत्ती त्यासाठी वापरली जाते. त्या वेळी अंतर्गत आर्क चाचणी झालेलं पॅनेल मागवणं, आर्क ओळखणारा रिले बसवणं, ब्रेकर दुरून रॅक आऊट करण्याची (पॅनेलमधून बाहेर ओढण्याची) सोय करणं हे सगळं ऑर्डरमध्ये लिहिता येतं. पॅनेल उभं राहिल्यावर ८ किंवा ४० कॅलरीचे सूट विकत घेणं एवढंच हातात उरतं, आणि सूट हा शेवटचा उपाय आहे. पहिला उपाय म्हणजे वीज बंद करून, कुलूप-टॅग लावून, टेस्टरने खात्री करून, अर्थ करून मगच हात घालणं. पुणे-पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारची सुट्टी असते. देखभालीची कामं त्या दिवशी बांधून घेतली तर चालू पॅनेल उघडायची वेळच क्वचित येते.

परवानगीनंतर

जास्तीत जास्त ५ वर्षांच्या अंतराने नियतकालिक तपासणी होते. मधल्या काळात रिलेचं सेटिंग बदललं किंवा ट्रान्सफॉर्मर बदलला, तर पॅनेलवरचं आर्क फ्लॅशचं लेबल (अभ्यासातून निघालेला धोका सांगणारं) खोटं ठरतं. ते त्याच आठवड्यात नवं लावा.

अपघात झाला तर जीवितहानीची खबर विद्युत निरीक्षकांना २४ तासांच्या आत द्यायची. २००५ च्या अपघात सूचना नियमांतल्या विहित नमुन्यातला लेखी अहवाल ४८ तासांच्या आत द्यायचा, तो जीवितहानी नसलेल्या अपघातांनाही लागतो. कोणी दगावलं नाही, नुसता हात भाजला, म्हणून गप्प बसता येत नाही. विद्युत अधिनियमाच्या कलम १६१ मध्ये इजा झालेले अपघातही येतात, आणि इजा होण्याची शक्यता होती असेही येतात. रिलेमधली नोंद पुसण्याआधी उतरवून घ्या, जळालेला भाग हलवू नका, आणि अहवालासोबत त्या दिवशीची नेमलेल्या माणसांची यादी व शटडाउन परमिटची प्रत जोडा.