टाकीला जोड कुठाय?

मागच्या आठवड्यात लातूरला भाच्याच्या गच्चीवर हजार लिटरची नवी काळी टाकी चढवली. नळाला बऱ्याच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात टाकी म्हणजे घरातलं माणूसच. प्लंबर मधल्या रेघेवर बोट ठेवून म्हणाला, "काका, दोन भाग चिकटवलेत, इथूनच फुटते बघा."

रेघ आहे खरी, पण जोडाची नाही, साच्याचे दोन भाग जिथं मिटतात तिथली आहे.

बादली, मोसंबीचे कॅरेट हे इंजेक्शन मोल्डिंगचं काम, पातळ केलेलं प्लास्टिक जोरात साच्यात दाबायचं (बादली उलटी करा, बुडाला मधोमध टिकली दिसेल, माल तिथूनच आत गेला). ड्रिपची नळी सोऱ्यातून शेव निघावी तशी निघते, बाटली हवा भरून फुगवतात. टाकीचं मात्र वेगळंय आन मला तेच लई आवडतं.

पोकळ लोखंडी साच्यात पॉलिथिनची पिठासारखी पावडर टाकायची, टाकीचं जेवढं वजन तेवढीच, आणि साचा 250-300 डिग्रीच्या आसपास तापवत सगळ्या अंगांनी फिरवत, डोलवत ठेवायचा. दाब वगैरे काही नाही. गरगर फिरवल्यानं माल बाहेर फेकला जातो असं बऱ्याच जणांना वाटतं, पण मिनिटाला 10 फेऱ्या आणि त्रिज्या अर्धा मीटर धरली तर बाहेर फेकणारी ओढ (ω²r, म्हणजे फिरण्याच्या वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या) येते साधारण 0.55 मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या 18 व्या भागाएवढी, त्यानं काय फेकलं जाणार? पावडर खालीच लोळत राहते, तिच्याखालून साचा सरकतो आणि तापलेल्या पत्र्याला ती धिरड्यासारखी थोडी थोडी धरत जाते. कणांमधली हवा बुडबुडे होऊन अडकते, ती प्लास्टिकमध्ये हळूहळू विरते, लवकर उतरवलं तर बुडबुडे तसेच राहतात, भिंत कच्ची. जास्त भाजलं तर आतून पिवळी पडते आन पुढं तडकते. थंड होताना माल शेकडा 2-3 टक्के आकसतो म्हणून साच्यातून सुटतो.

टाकी इतक्या थरांची, तितक्या थरांची म्हणून विकतात, त्या थरांचं म्हणाल तर एक पावडर चिकटली की दुसऱ्या रंगाची टाकायची, झाला थर. काळ्या रंगानं उजेड अडतो, शेवाळ धरत नाही, हे खरं. पण पाच थर आहेत म्हणून मे महिन्यात लातूरच्या गच्चीवर माठासारखं गार पाणी मिळंल, हे दुकानदारानं सांगितलं तरी ऐकू नका.

भाच्यानं टाकीत डोकं घालून आतून हात फिरवला. "मामा, आत रेघच नाई की!" प्लंबरनं पण वाकून बघितलं, मग गुमान ड्रिल काढून नळाचं भोक पाडायला लागला.